समोर भोक नसलेलं मेंडोलिन

त्या पत्रात प्रश्न एकच होता आणि तोही दोन शब्दांचा: 'कापू का?' बाकीचं सगळं पत्र त्या दोन शब्दांपर्यंत पोचण्यासाठी लिहिलेलं होतं. मी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि शब्दकोशाच्या मधल्या खंडात खूण म्हणून घालून ठेवलं. माझ्याकडची पत्रं अशीच कुठल्या ना कुठल्या पुस्तकात जाऊन राहतात. उत्तर देईपर्यंत राहतात आणि उत्तर दिल्यावरही राहतात. फक्त या पत्रापायी मी त्या खंडात शब्द बघायचं सोडून दिलं होतं. तिथला एखादा शब्द अडलाच, तर त्याच्याऐवजी दुसरा वापरायचो.

पत्र लिहिणारी बाई मेंडोलिनं बनवते. एकटीच, गावाबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. त्याआधी बरीच वर्षं ती एका इस्पितळाच्या कारखान्यात लाकडी पाय बनवत होती. पुढे पाय लाकडाचे करायचे बंद झाले, कारखान्याला टाळं लागलं आणि तिच्या वाट्याला कोरायची हत्यारं आणि हलक्या लाकडाचे काही ओंडके आले. त्या ओंडक्यांतून तिने पहिलं मेंडोलिन कोरलं. हे सगळं तिने सरळ लिहिलं होतं, गाऱ्हाणं म्हणून नाही.

मी एका छोट्या मासिकात वाद्यांची परीक्षणं लिहायचो. मासिक मिटलं, संपादक गेला, पण तिने ते अंक कारखान्यात दुपारच्या सुट्टीत वाचले होते म्हणे. 'तुम्ही कुणाचं मन राखायला लिहीत नाही, असं मला वाटलं,' असं तिने लिहिलं होतं. हे वाचून मला कसंसंच झालं. दारात आलेल्या पाहुण्याला 'पुन्हा या' म्हणताना ज्याची जीभ अडखळते तो माणूस कागदावर तेवढा धीट असायचा, आणि तेही स्वतःच्या बळावर नाही.

पत्राबरोबर एका मोठ्या खोक्यात तीन मेंडोलिनं आली होती. तिन्ही नेहमीच्या चालीची नव्हती. पहिल्याची पाठ घागरीसारखी खोल होती. दुसऱ्याची मान किंचित वळवलेली होती, मनगटाला ताण पडू नये म्हणून. तिसऱ्याला समोर भोकच नव्हतं. तारांखालची फळी अखंड, कोरी, जेवणाच्या पाटासारखी. भोक होतं ते वरच्या कडेला, वाजवणाऱ्याच्या खांद्याच्या बाजूला, उलट्या होडीच्या आकाराचं.

'दुकानदार म्हणतात, समोर भोक नाही तर आवाज काय मागच्या दाराने येणार?' तिने लिहिलं होतं. 'मला भोक तिथेच बरोबर वाटतं, पण मला वाटणं हा काही पुरावा नव्हे. अशीच आणखी काही मी कोरून जोडून ठेवली आहेत. तारा चढवायच्या तेवढ्या राहिल्या आहेत. तुम्ही ऐका. तुम्ही सांगितलंत तर सगळ्यांना समोर गोल कापते आणि चारचौघांसारखी करते. पण एकदा कापलं की कापलं, म्हणून आधी विचारते. कापू का?'

माझी वाद्य तपासायची एक रीत होती. मी स्वतः कधी वाजवत नसे. लहानपणी शिकायला गेलो होतो तेव्हा मास्तरांनी माझी बोटं हातात घेऊन बघितली आणि 'ही पानं उलटायला ठीक आहेत' असं म्हणाले. मी ते मनावर घेतलं. वाजवायची ती माझी बायको. खिडकीपाशी तिची वेताची बुटकी खुर्ची होती. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पुस्तकांच्या कपाटासमोर, माझी सरळ पाठीची. मी तिच्याकडे पाठ करून, पुस्तकांकडे तोंड करून बसायचो. वाद्य दिसलं की डोळे कानांच्या आधी बोलायला लागतात, असं माझं मत. ती दर वेळी एकच गत वाजवायची, शिकाऊ मुलांची, चढती-उतरती, जिच्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं. चांगल्या चालीने कुठलंही खोकं गोड लागतं, म्हणून मीच ती निवडली होती. अजूनही जुन्या परीक्षणांतलं एखादं वाद्य आठवलं की त्याच्याबरोबर मला समोरच्या पुस्तकाचा कणा दिसतो.

वाद्य सुरात लावायचं काम तेवढं माझं. तेही टेबलावर घोंगडी अंथरून, वाद्य उताणं निजवून करायचो. डॉक्टर पेशंटला तपासतात तसं, असं ती म्हणायची.

परीक्षण लिहून झालं की मी ते तिला वाचून दाखवायचो. ती ऐकता ऐकता हातातलं काम थांबवायची. जिथे थांबली तिथला शब्द मी खोडायचो. एवढंच. वाद न घालता लेख अर्धा होऊन जायचा. एकदा मात्र ती वेताच्या खुर्चीतून म्हणाली होती, "तुम्ही तिथलं लिहिता. इथलं कुणी लिहायचं?"

मी म्हणालो होतो, "तिथे एकच माणूस असतं. वाचकांना त्याचं काय?"

ती "बरं" म्हणाली. तिच्या 'बरं'चे पाच-सहा अर्थ होते आणि सगळे मला कळतात असा माझा समज होता.

खोकं आलं तेव्हा ती जाऊन वर्ष उलटलं होतं. वेताची खुर्ची खिडकीपाशीच होती. मी तिच्यावर बसत नव्हतो आणि ती हलवतही नव्हतो. तिचं मेंडोलिन तिचा धाकटा भाऊ घेऊन गेला होता. त्यानेच ते तिला लहानपणी अर्धंमुर्धं शिकवलं होतं, तेव्हा त्याचा हक्क माझ्यापेक्षा मोठा होता.

हा माझा मेहुणा ऑर्केस्ट्रात वाजवतो. आता म्हातारपणी त्याला मधल्या ओळीत बसवतात, पण बोलावतात. मेंडोलिन तो उभ्याने, पट्ट्याने कमरेवर लटकवून वाजवतो, कारण पहिल्यापासून त्याला लोकांसमोर उभं राहायची सवय. तीन वाद्यं वाजवून दाखवायला ये, असा निरोप मी धाडला. तो आला, आल्या आल्या त्याने खोक्यात डोकावून बघितलं आणि विचारलं, "भाऊजी, हे वाद्य आहे का चपात्या लाटायचा पाट?"

मी त्याला बनवणारीची हकिकत सांगितली. तेव्हापासून तो तिला 'पायवाली' म्हणतो. पायवालीने आवाजाचे पायच कापले, वगैरे. त्याचा हेतू वाईट नसतो. गप्प बसलं की त्याला बहीण आठवते, म्हणून तो बोलत राहतो. आणि मी बोलत नाही, बहुधा त्याच कारणाने.

मी सरळ खुर्चीत बसलो, पुस्तकांकडे तोंड करून. पहिलं मेंडोलिन घुमलं, नको तेवढं. खालच्या तारांचा आवाज पाठीतल्या खोलीत जाऊन बसत होता आणि बाहेर यायला वेळ लावत होता. दुसरं छान होतं. मेहुण्यानेही मनगट फिरवून बघितलं आणि कधी नव्हे ते नुसतं "हं" केलं. तिसरं त्याने छेडलं आणि मला वाटलं, त्याने अजून सुरुवात केली नाही.

"वाजव की," मी म्हणालो.

"वाजवतोच आहे. हे सगळं माझ्याच तोंडावर येतंय, भाऊजी. पुढे बसलेल्यांना काय, ठेंगा?"

त्याने आणखी जोर लावला. कपाटातल्या पुस्तकांपर्यंत जे पोचलं ते पातळ होतं, लाकडाचं होतं, तारांचं नव्हतं. खुर्चीतल्या माणसाला एकच शब्द सुचण्यासारखा होता आणि तो मी कागदावर लिहिला: मुकं.

त्यावरून उत्तर लिहायला काही हरकत नव्हती. कापा, असं लिहायचं. दुकानदार म्हणत होते, मेहुणा म्हणत होता, मलाही तसंच ऐकू आलं होतं. पत्राचा मसुदा मी केलाही. पण तो वाचून दाखवायला समोर कुणी नव्हतं. मी मोठ्याने वाचायला लागलो आणि कुठे थांबायचं ते कळेना. कुठलाच शब्द अडला नाही आणि सगळेच अडले. एखाद्याच्या हातचं काम कापायला सांगणारं पत्र, आणि ते माझ्या एकट्याच्या भरवशावर धाडायचं. मी मसुदा बाजूला ठेवला. आज ठेवला, उद्या ठेवला. थंडी संपली. खोकं टेबलाखाली होतं. जेवताना पाय लागायचा, तेव्हा मी पाय आखडून घ्यायचो.

मग तिचं कार्ड आलं. अक्षर पत्रातल्यापेक्षा मोठं होतं, घाईचं.

'उत्तर आलं नाही. आधी वाटलं, वाईट असतं तर तुम्ही लिहिलं असतंत. मग वाटलं, फारच वाईट असेल म्हणून लिहिलं नाही. मला कळलं. पुढच्या आठवडाअखेर सगळी कापायला घेते. खोकं त्याआधी परत मिळालं तर तिसरंही त्यांच्याबरोबर कापून होईल. तसदीबद्दल माफी.'

मौन म्हणजे संमती, हे मी कितीदा वाचलं असेल. माझं मौन कुणाच्या हातात करवत देईल, असं कधी मनात आलं नव्हतं. तरी त्या दिवशी मला जे वाटलं त्याला सुटकाच म्हणावं लागेल. प्रश्नाचं उत्तर माझ्याशिवाय लागलं होतं. आता नुसतं खोकं बांधून परत करायचं.

दुपारी बांधायला घेतलं. टेबलभर खाकी कागद पसरला. सरळ खुर्चीवर रद्दीचा गठ्ठा ठेवला, चुरगळून भोवती कोंबायला. मेंडोलिन प्रवासाला पाठवायचं तर आधी तारा ढिल्या कराव्या लागतात, नाहीतर ताणाने मान वाकते. पहिल्या दोघांच्या तारा मी उभ्यानेच ढिल्या केल्या. तिसऱ्याच्या वेळी गुडघे कुरकुरायला लागले. बसायला एकच जागा मोकळी होती. मी जरा वेळ तिच्याकडे बघितलं आणि बसलो.

वेत खाली दबला. खुर्ची माझ्या आठवणीपेक्षा बुटकी होती. तिथून खिडकी उंच दिसायची आणि कपाट लांब. मेंडोलिन मांडीवर घेतलं तर ते छातीला येऊन टेकलं, बरगड्यांच्या खालच्या खळग्यात, जणू आधी माप घेऊन गेलं होतं. वाद्याच्या पाठीचा तो भाग बनवणारीने आतल्या अंगाने कोरला होता. हे मला टेबलावर कधी कळलं नव्हतं. टेबलाला बरगड्या नसतात.

सवयीने मी खुंटी पिळायच्या आधी जाड तारांची जोडी अंगठ्याने छेडली.

मी दाराकडे बघितलं. खोलीत कुणीतरी आलं, असं मला वाटलं होतं. कुणी माझ्या अगदी जवळ येऊन, आवाज खाली ठेवून, फक्त मला सांगण्यासारखं काहीतरी सांगायला लागलं होतं. तो आवाज गोल होता, त्याला पोट होतं. कडेच्या भोकातून तो सरळ माझ्या गालावर येत होता. मी दुसरी जोडी छेडली, तिसरी, चौथी. बारीक तारा नेहमी सुईसारख्या टोचतात. या टोचत नव्हत्या. मग मी काहीच न दाबता चारही जोड्यांवरून अंगठा फिरवला आणि संपेपर्यंत ऐकत राहिलो. संपायला बराच वेळ लागला. आणि तेवढ्या वेळात माझी मान ताठ होती.

मानेचं लक्षात आलं म्हणून पुढचं लक्षात आलं. ती वाजवताना वाकायची. डोकं डावीकडे कलतं, कान वाद्याच्या कडेशी, केसांची बट तारांवर येईल इतकी खाली. मी पाठमोरा बसायचो खरा, पण आधी आणि नंतर दिसायचंच. मी समजायचो की ती बोटांकडे बघते. एका परीक्षणात तर मी तसं छापलंही होतं: पडदे अरुंद असल्यामुळे वाजवणाऱ्यास बोटांवर नजर ठेवावी लागते. ते वाचून दाखवताना ती थांबली नव्हती. तिला हसू आलं होतं बहुतेक, आणि मी ते मान्यतेचं समजलो.

ती आवाज शोधायला वाकत होती. तो सगळा पुढे निघून जायचा, माझ्याकडे, मग मी त्यावर लिहायचो. तिच्या वाट्याला कडेने जेवढा येईल तेवढा.

खुंटी न पिळता मी ते मेंडोलिन तसंच मांडीवर धरून बसलो. ऊन कपाटावरून खाली उतरलं.

पण एवढ्यावर विश्वास ठेवणारा मी नव्हे. मला माझाच संशय येतो, आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघतो. वर्षभर रिकाम्या राहिलेल्या खुर्चीत बसल्यावर म्हाताऱ्याला काय ऐकू येणार नाही? एकटेपणी घरातलं पातेल्याचं झाकणही बोलतं. आणि तिचं माझं जे काही असेल त्याच्याशी त्या पायवाल्या बाईचा काय संबंध? तिने वाद्याबद्दल विचारलं होतं. 'कापू नका' म्हणालो आणि ते फक्त माझं दुःख असलं, तर ती वाद्यं न विकली जाता तिच्या शेडमध्ये पडून राहतील, आणि तिला वाटेल की एका जाणकाराने सांगितलं होतं.

म्हणून मेहुण्याला फोन करून कार्डाचं सांगितलं आणि पुन्हा बोलावलं. तो म्हणाला, फोन करून सांगा की तिला, थांब म्हणून. पण शेडमध्ये फोन नाही, असला तरी रंध्याच्या आवाजात ऐकू येणार नाही, असं तिने पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं ते वाचून.

तो आला तोपर्यंत मी सरळ खुर्चीवरची रद्दी काढून ठेवली होती.

"आज तू इथे बस," मी म्हणालो.

"मी? मग वाजवणार कोण, पुस्तकं?"

"मी."

मी नाचणार आहे असं सांगितल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला. मग एक शब्द न बोलता पुस्तकांकडे तोंड करून बसला. तो न बोलता बसला याचीच मला जास्त भीती वाटली.

मी वेताच्या खुर्चीत बसून ती गत सुरू केली, शिकाऊ मुलांची. इतक्या वर्षांत ती इतक्यांदा ऐकली होती की पुढचा सूर कुठला ते मला ठाऊक होतं. बोटांना ठाऊक नव्हतं. पाहिजे त्याच्या शेजारच्या पडद्यावर बोट पडायचं, मग ते उचलून जागेवर ठेवायचं, तोवर पुढचा सूर चुकायचा. माणसासमोर वाजवायची ही माझी पहिलीच वेळ आणि तो माणूस आयुष्यभर वाजवून पोट भरलेला. कानशिलं तापली होती. तरीही चुकीचे सूर माझ्यापर्यंत पुरे येत होते, भरलेले, एकेक. चूकही इतकी स्वच्छ ऐकू येते, हे मला नवीन होतं.

उतरती ओळ कशीबशी संपवली आणि विचारलं, "तिथे काय ऐकू येतं?"

"खरं सांगू?" तो पुस्तकांनाच सांगत होता. "शेजारच्या घरात कुणीतरी वाजवतंय आणि त्याने दार लावून घेतलंय."

"आणि वाईट वाजवतंय."

"ते तुम्ही म्हणालात. मी दाराबद्दल बोललो."

"मला इथे सगळं ऐकू येतंय," मी म्हणालो. "जोरात वाजवलं नाही तरी."

तो वळला. माझ्या हातातल्या मेंडोलिनकडे, मग खुर्चीकडे बघितलं. त्या खुर्चीत आपल्याला बसायला सांगणार आहेत हे त्याला कळलं आणि ते त्याला नको होतं. मी उठलो आणि वाद्य त्याच्यापुढे धरून उभा राहिलो.

बसल्यावर त्याने सवयीप्रमाणे दणक्यात सुरुवात केली आणि कानफटात बसल्यासारखं तोंड मागे घेतलं. मग हळू. मग त्याहून हळू. मी सरळ खुर्चीपाशी उभा होतो, तिथे जवळजवळ काहीच येत नव्हतं. त्याची बोटं हलताना दिसत होती आणि त्याचा चेहरा दिसत होता. त्याने तारा छेडायची प्लास्टिकची पट्टी खिशात टाकली आणि नुसत्या अंगठ्याने वाजवायला लागला. काय वाजवत होता ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी विचारलंही नाही.

थांबल्यावर तो म्हणाला, "ताई अशी वाकायची."

"ती का वाकायची, ते तुला माहीत होतं?"

"छे. मला वाटायचं, चष्म्याचा नंबर वाढलाय. मी तिला दोनदा म्हणालोही, डोळे दाखव. गेलीही दाखवायला, बिचारी." तो हसायला लागला आणि मीही हसलो. ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलेली मला आठवत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, काही झालेलं नाही.

नंतर मी चहा केला. त्याने चहा पिताना वाद्य मांडीवरून खाली ठेवलं नाही. पण तो धंद्याचा माणूस आहे, भावनेत वाहून जायला त्याला परवडत नाही. कप ठेवताना म्हणाला, "एक मात्र सांगतो. हे कुठलाही ऑर्केस्ट्रावाला घेणार नाही. दुकानात ठेवलं तर गिऱ्हाईक समोर उभं राहून ऐकणार आणि पुढे जाणार. पायवालीला हे सांगायला हवं."

"सांगणार आहे."

"आणि कापू नको म्हणणार?"

"हो."

"म्हणजे विकलं जाणार नाही असं ठेव, असं सांगणार."

मलाही तेच टोचत होतं. कापलं तर ती विकली जातील, एखाद्याच्या पट्ट्याला लटकतील, पुढच्या ओळीत ऐकू जातील. तशी वाद्यं खूप आहेत. न कापलेलं मात्र कुठेच नाही, तिच्या शेडमध्ये आहे तेवढंच.

तो दारात चपला घालता घालता थांबला. "भाऊजी, घरी वाजवणारे किती असतील हो? नुसते घरी. कुणाला न ऐकवता."

"माहीत नाही," मी म्हणालो. "ते कुणाला सांगत नाहीत."

तो गेल्यावर मी शब्दकोशाचा मधला खंड काढला आणि पत्र बाहेर घेतलं. त्याची घडी पानावर उमटली होती. पत्र समोर ठेवून उत्तर लिहायला बसलो. टेबलावर नाही, वेताच्या खुर्चीत, मांडीवर पुठ्ठा घेऊन. परीक्षणाची भाषा दोन-तीन ओळींत संपली. 'ध्वनी', 'प्रक्षेप', 'समतोल' असले शब्द पुठ्ठ्यावर नीट बसेनात. मग मी साधं लिहिलं.

'कापू नका,' असं लिहिलं, सगळ्यांत वर, कारण तिने तेच विचारलं होतं. 'उशीर झाला याला कारण मी आहे, वाद्य नाही. मी ते चुकीच्या जागी बसून ऐकत होतो. दुकानदार सांगतात ते खरं आहे, समोर बसलेल्याला ते ऐकू येत नाही, आणि सभागृहात त्याचा काही उपयोग नाही. हे कुणी तुम्हाला गोड करून सांगितलं तर ऐकू नका. पण ज्याच्या मांडीवर ते असतं, त्याला ते पूर्ण ऐकू येतं, आणि मान वाकवावी लागत नाही. माझ्या घरी एक व्यक्ती बरीच वर्षं मान वाकवून वाजवत होती. तिच्यासारख्यांपर्यंत हे कसं पोचवायचं, ते मला माहीत नाही. दुकानात नेलंत तर गिऱ्हाइकाला आधी बसवा, मांडीवर द्या, आणि दुकानदाराला बोलू देऊ नका.'

पहिल्याबद्दल लिहिलं की त्याची पाठ फार खोल आहे, आवाज आत हरवतो, ते नव्याने करावं लागेल. दुसऱ्याबद्दल लिहिलं की एका वादकाने ते वाजवून 'हं' म्हटलं आणि मी त्याला अनेक वर्षं ओळखतो, एवढं मोठं प्रशस्तिपत्र त्याने आजवर कुणाला दिलेलं नाही. शेवटी लिहिलं:

'पहिली दोन मागाहून पार्सलने परत पाठवतो. तिसरं, तुमची हरकत नसेल तर, इथेच राहू द्या. त्याचं जे काही असेल ते कळवा. मला वाजवता येत नाही. शिकायला सुरुवात केली आहे असंही म्हणवत नाही.'

मग ते मोठ्याने वाचलं. मध्ये एका ठिकाणी 'अद्भुत' असा शब्द होता. तिथे माझाच आवाज अडला. तिने तिथे हातातलं काम थांबवलं असतं. तो खोडला. बाकीचं राहिलं.

सकाळी टपाल कचेरीत रांग नव्हती, ही माझी अडचणच झाली, कारण काय बोलायचं ते ठरायच्या आत खिडकी आली. खिडकीतल्या बाईने पाकीट तोललं, पत्ता वाचला आणि साधं की जलद ते विचारलं. जलद म्हणालो. आठवडाअखेरच्या आधी पोचेल ना, असं विचारलं. पोचेल म्हणाली. नक्की ना, असं पुन्हा विचारलं, तेव्हा तिने मान वर केली आणि म्हणाली, "आजोबा, परवा पोचेल. कुणाचं काही अडलंय का?"

"हो," मी म्हणालो. "एक बाई कापायची थांबली आहे."

तिला काय समजलं कोण जाणे. तिने पाकिटावर शिक्का मारला, तो नीट उमटला नाही म्हणून पुन्हा मारला, आणि ते मागच्या पोत्यात टाकलं.